मनोविकारासाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि अनुदान: खान्देशातल्या घरांसाठी

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी पहिल्यांदा सरकारी दवाखान्याच्या वैद्यकीय बोर्डासमोर गेलो तेव्हा नानाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, लग्नात घालायचा सदरा घातला होता. मायने आदल्या रात्री त्याला बाबापुता करून आंघोळ घातली, दाढी करवून घेतली, डोक्याला तेल चोपडलं. डॉक्टरांनी विचारलं, "रोज आंघोळ करता का?" नाना म्हणाला, "माले काय व्हयनं? मी समदं करस." डॉक्टरांनी मायकडे पाहिलं. मायने मान डोलावली. कागदावर दिव्यांगत्वाचा आकडा चाळीस टक्क्यांच्या खाली आला आणि आम्ही हात हलवत घरी आलो. ती अकरा दिवसांतली पहिली आंघोळ होती, हे सांगायला तिघांपैकी कोणाचंच तोंड उघडलं नाही.

चूक बोर्डाची नव्हती. वर्षानुवर्षं गावापासून जे लपवलं तेच आम्ही डॉक्टरांपासूनही लपवलं. नानाला स्किझोफ्रेनिया आहे. दुसऱ्या खेपेला प्रमाणपत्र मिळालं, पुढे सरकारच्या संजय गांधी निराधार योजनेचं दरमहा अनुदानही सुरू झालं. त्यानंतर अमळनेर, पारोळा, चोपडा भागातल्या काही घरांसोबत मी याच कामासाठी फिरलो. त्या फेऱ्यांत जे कळलं ते इथे क्रमाने देतो.

कायदा आधी दोन वाक्यांत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि मानसिक आजार हा त्यातला एक स्वतंत्र प्रकार आहे. बहुतेक सवलतींसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के लागतात.

आधी उपचार, मग अर्ज

उपचार चालू नसताना थेट प्रमाणपत्राच्या मागे लागू नका. बोर्ड पहिला प्रश्न हाच विचारतं: औषध कुठलं, कधीपासून, कोणाकडे? भगताकडे घालवलेली वर्षं कागदावर दिसत नाहीत. आमची तीन गेली. त्यातून वाईट म्हणजे एकाने सांगितलं, जुनी पीडा पाण्यात सोडा, तर मायने ताईत, दोरे आणि सोबत डॉक्टरांच्या सुरुवातीच्या चिठ्ठ्याही तापीत सोडल्या. त्या चिठ्ठ्यांची किंमत किती होती ते पुढे येईल.

राज्यातली चार मोठी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, खान्देशात एकही नाही. म्हणून बरेच जण धरून चालतात की या कामासाठी येरवड्याला जावं लागणार. तसं नाही. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याला चक्करबर्डीला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नंदुरबारलाही आता शासकीय महाविद्यालय झालं आहे. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढा. खासगी डॉक्टरकडे चालू असेल तर ते बंद करू नका, पण सरकारी केसपेपरवरही दोन-चार नोंदी होऊ द्या. ज्या डॉक्टरने रुग्णाला चार वेळा पाहिलंय त्याला बोर्डाच्या दिवशी नव्याने सगळं सांगत बसावं लागत नाही.

रुग्ण यायलाच तयार नसेल तर? ही सगळ्यात अवघड पायरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे हमखास उतारा नाही. "शिर्डीला चाललो" असं खोटं सांगून दवाखान्यात उतरवू नका, पुढच्या वेळी तो गाडीतच बसणार नाही. साखळदंडाने बांधणं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच बंद केलं आहे. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलतात आणि घरच्यांनीही करता येतो. आम्ही नानाला "डोक्याचा डॉक्टर" न म्हणता "झोपेचा डॉक्टर" म्हणालो. झोप त्याला खरंच लागत नव्हती, त्यामुळे ते खोटंही नव्हतं.

कागद गोळा करणे

आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा, पासपोर्ट फोटो आणि उपचाराचे कागद, एवढ्यात अर्ज होतो. उपचाराच्या कागदांत सगळ्यात जुनी चिठ्ठी सगळ्यात मोलाची, कारण आजार किती वर्षांचा आहे याला बोर्डाच्या मोजमापात वेगळे गुण असतात. दवाखान्यात भरती केलं असेल तर डिस्चार्ज कार्ड शोधा. कपाटात नसेल तर जुन्या गाद्यांखाली, रेशनकार्डाच्या पिशवीत, मामाच्या घरीसुद्धा बघा.

कागद हरवले असतील (किंवा तापीत गेले असतील) तर ज्या डॉक्टरने पहिल्यांदा पाहिलं त्याच्याकडे जा आणि नोंदीवरून दाखला मागा. २०१७ च्या कायद्याच्या कलम २५ ने रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मागायचा हक्क दिला आहे. आम्ही गेलो तेव्हा कंपाउंडरने आधी नाही म्हटलं, मग जुनं रजिस्टर काढलं. नानाचं नाव चुकीच्या आडनावाने लिहिलेलं होतं, तरी गाव आणि वयावरून सापडलं.

नाव हा एक स्वतंत्र त्रास आहे. आधारवर "भाऊसाहेब", शाळेच्या दाखल्यावर "भाऊराव", केसपेपरवर "भाऊ" असं असेल तर अर्जाच्या आधी आधारप्रमाणे एकच नाव करून घ्या. केसपेपरवरचं नाव ओपीडीत सांगून दुरुस्त करता येतं. बोर्डाच्या दिवशी ते करायला कोणाला वेळ नसतो.

ऑनलाइन अर्ज

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो. प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, दोन्ही त्यातूनच निघतं. मोबाइलवरून जमतं. सायबर कॅफेत किंवा आपले सरकार केंद्रात गेलात तर शेजारी उभे राहा, कारण एक चूक तिथे हटकून होते. दिव्यांगत्वाच्या प्रकारात "मानसिक आजार" आणि "बौद्धिक अक्षमता" असे दोन वेगळे पर्याय असतात. दुसरा पर्याय ज्याला लोक मतिमंदत्व म्हणत आले त्याचा. भरणारा पोरगा "डोक्याचंच आहे ना" म्हणून तो टिचकवतो. मग बुद्ध्यांकाच्या चाचणीला बोलावणं येतं आणि महिने वाया जातात. चोपड्याच्या एका घराचं असंच झालं, बायपोलर असलेल्या, एम.ए. झालेल्या मुलीचं.

रुग्णालय निवडताना रहिवासाच्या जिल्ह्यातलं निवडा. ज्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू आहेत तिथेही अर्ज करता येतो. म्हणजे नवापूरच्या माणसाचे उपचार धुळ्याला चालू असतील तर त्याला ती वाट मोकळी आहे. रुग्ण स्वतः अर्ज करण्याच्या अवस्थेत नसेल तर पालक करू शकतात. मोबाइल क्रमांक मात्र घरातल्या जबाबदार माणसाचा द्या आणि दर दोन महिन्यांनी सिम बदलणाऱ्या भाच्याचा देऊ नका, बोर्डाच्या तारखेचा निरोप त्याच क्रमांकावर येतो.

अर्जाची पावती छापून ठेवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम बदलले, आता प्रमाणपत्र देण्यासाठी वैद्यकीय प्राधिकरणाला तीन महिन्यांची मुदत आहे. बोर्डाचा वार रुग्णालयागणिक वेगळा असतो आणि मानसोपचाराचा वार अस्थिव्यंगाच्या वारापेक्षा वेगळा असू शकतो. धडगाव, मोलगीकडून निघणाऱ्याचा तर एका फेरीत अख्खा दिवस जातो, मजुरी बुडते ती वेगळी. निघण्याआधी त्या आठवड्यात मनोविकारतज्ज्ञ हजर आहेत का, एवढं फोन करून विचारा.

बोर्ड काय मोजतं

इथे थोडं थांबून वाचा, बहुतेक अर्ज इथेच पडतात.

बोर्ड आजाराचं नाव मोजत नाही. स्किझोफ्रेनिया लिहिलं म्हणून इतके टक्के, नैराश्य लिहिलं म्हणून तितके, असा तक्ता नाही. आजाराने माणसाचं रोजचं जगणं किती अडवलं हे मोजतात. त्यासाठी आयडियाज नावाची मोजपट्टी वापरतात. तिच्यात चार गोष्टी पाहतात: स्वतःची काळजी घेणं, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण, ० म्हणजे काही अडचण नाही, ४ म्हणजे पूर्ण अडलेलं. त्यात आजाराच्या वर्षांचे गुण मिळवतात: दोन वर्षांच्या आत १, दोन ते पाच वर्षांना २, सहा ते दहा वर्षांना ३, दहाच्या वर ४. बेरीज ७ ते १३ आली तर दिव्यांगत्व ४० ते ७० टक्क्यांत, १४ ते १९ आली तर ७१ ते ९९ टक्क्यांत, आणि २० म्हणजे १०० टक्के. ६ किंवा कमी आली तर चाळीसच्या खाली.

समजा एखाद्याला स्वतःच्या काळजीत २, माणसांत वागण्यात २, बोलण्यात १ आणि कामात ३ गुण पडले. ते झाले ८. आजार आठ वर्षांचा, म्हणून आणखी ३. एकूण ११. हा माणूस चाळीसच्या वर आहे. तापीत गेलेल्या चिठ्ठ्यांचं दुःख आता कळलं असेल.

आता घरच्यांच्या उत्तरांकडे या. "जेवतो ना?" "हो, जेवतो." हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. ताट समोर नेऊन ठेवलं, तीनदा हाक मारली, तेव्हा जेवतो. नाही ठेवलं तर दोन दिवस उपाशी राहतो. ते सांगायचं असतं. "काम करतो का?" "हो, वावरात जातो." जातो आणि बांधावर बसून राहतो की सोबतचा माणूस एक ओळ कापूस वेचेल तितक्या वेळात दोन बोंडं वेचतो? आधी सालदार म्हणून वर्षभर टिकायचा आणि आता निंदणीला अर्धा दिवसही कोणी नेत नाही, हा फरक सांगा. बाई असेल तर घरकाम हेच तिचं काम धरतात, शिकणारा असेल तर अभ्यास. भाकरी तव्यावर टाकून बाहेर निघून जाते, चूल तशीच जळत राहते, हे "घरचं सगळं करते" या तीन शब्दांत दडपून जातं.

म्हणून एक वही घाला. बोर्डाच्या आधी महिनाभर रोज दोन ओळी लिहा. सोमवार: आंघोळ नाही, सांगूनही नाही. मंगळवार: रात्रभर जागा, भिंतीशी बोलत होता. बुधवार: बरा होता, दुकानातून साखर आणली, सुटे पैसे तिथेच विसरला. बरे दिवसही लिहा. वाढवून सांगायचं नाही, ते डॉक्टरांना लगेच कळतं आणि मग खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो. नुसतं झाकायचं नाही, एवढंच. दुसऱ्या खेपेला मी वही टेबलावर ठेवली, डॉक्टरांनी चार पानं उलटली आणि मग मायला नेमके प्रश्न विचारले. त्या दिवशी माय रडली, पण बोलली.

रुग्णासमोर हे सगळं बोलणं जड जातं, त्याचा अपमान होतो. डॉक्टरांना आधीच म्हणा, "साहेब, काही गोष्टी वेगळं बसून सांगायच्या आहेत." बहुतेक जण ऐकतात. आणि त्या दिवशी माणसाला नटवू नका. मळक्या कपड्यात न्या असंही नाही, तो रोज जसा असतो तसा न्या. औषध चुकवून नेणं तर मूर्खपणा आहे. असला सल्ला देणारे एजंट फाटकापाशी भेटतात, त्यांना पैसेही देऊ नका.

अहिराणी, भिली किंवा पावरीच बोलणारी म्हातारी माणसं सोबत असतील तर मराठीत नीट सांगू शकणारा एकजण बरोबर घ्या. "चित्त ठिकाणावर नही" याचं डॉक्टर काय लिहून घेतील सांगता येत नाही.

प्रमाणपत्र हातात आल्यावर

तीन गोष्टी तिथेच बघा: नाव, टक्के आणि मुदत. मानसिक आजारात सुधारणा होऊ शकते, म्हणून पुष्कळदा प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं असतं आणि फेरतपासणीची तारीख लिहिलेली असते. युडीआयडी कार्डावरचा रंग टक्क्यांप्रमाणे: चाळीसच्या खाली पांढरा, चाळीसपासून पिवळा, ऐंशी आणि पुढे निळा.

आकडा पटला नाही तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं. पण आमच्यासारखं, आपणच नीट सांगितलं नसेल, तर उपचार चालू ठेवून, कागद जमवून पुन्हा तपासणीला गेलेलं बरं. निदान आमचं तसं जमलं.

तहसीलची पायरी

प्रमाणपत्र म्हणजे पैसे नव्हेत. पैशांसाठी तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत वेगळा अर्ज लागतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत १८ ते ६५ वर्षांच्या दिव्यांगांना, किमान ४० टक्के असतील तर, दरमहा अनुदान मिळतं. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते १,५०० वरून २,५०० रुपये केलं आहे. महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास लागतो.

उत्पन्नाची अट नीट लक्षात ठेवा. योजनेची सर्वसाधारण मर्यादा कुटुंबाला वर्षाला २१ हजार रुपये आहे, पण दिव्यांगांसाठी ती ५० हजार आहे. मला एका तहसीलमध्ये खिडकीवरच "एकवीसच्या वर आहे, बसत नाही" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी "दिव्यांग प्रवर्गातून अर्ज आहे" असं अर्जाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात लिहून नेलं, तेव्हा घेतला. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या अहवालावरून तहसीलदार देतात, सेतूत किंवा आपले सरकारवर अर्ज करा. अर्ज कापसाचे पैसे हातात येण्याच्या दिवसांत केला काय आणि आखाजीला केला काय, दाखला वर्षाच्या उत्पन्नाचाच असतो, तेव्हा महिना बघत बसू नका.

सोबत लागतं ते: दिव्यांग प्रमाणपत्र, आधार, रेशनकार्ड, वयाचा आणि रहिवासाचा पुरावा, फोटो, बँक पासबुक. पासबुक रुग्णाच्या स्वतःच्या नावाचं हवं आणि खातं आधारला जोडलेलं हवं, कारण पैसे आधारवरून थेट खात्यात जातात. दोन बँकांत खाती असतील तर शेवटी जिथे आधार जोडलं तिथे पडतात. आमचे पहिले तीन हप्ते अशा खात्यात गेले जे नानाने कधीतरी शिबिरात उघडलं होतं आणि जे कोणाला आठवतच नव्हतं.

अर्ज दिला की पोच घ्या, शिक्का आणि तारीख असलेली. मंजुरी तालुक्याच्या समितीत होते आणि समितीची बैठक कधी होईल हे तुमच्या हातात नाही. पोच असली की पंधरा दिवसांनी जाऊन "आमचा क्रमांक अमुक" असं विचारता येतं. घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेचंही त्याच टेबलावर विचारा.

बाकीच्या सवलती, आणि ज्या नाहीत त्या

एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. महिन्याला औषधाला जळगाव-धुळे करणाऱ्यांना ती अनुदानाइतकीच उपयोगी पडते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ग्रामसेवकाकडे लेखी मागा, तोंडी विचारलं तर "अजून आलं नाही" हेच ऐकू येईल. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के दिव्यांग आरक्षणात मानसिक आजाराचाही वाटा आहे. घरात कोणी आयकर भरत असेल आणि जुनी करपद्धत घेत असेल तर अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी ७५ हजारांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त असतील तर सव्वा लाखाची.

निरामय आरोग्य विमा मात्र मानसिक आजाराला नाही. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगतेसाठी आहे. कोणी त्याचा फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागत असेल तर उठून या.

"येडा ठरवला" ही भीती

प्रत्येक घरात हा प्रश्न निघतो, बहुधा चुलत्याच्या तोंडून: प्रमाणपत्र काढलं तर सातबाऱ्यावरचं नाव जाईल का? नाही. २०१७ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणूस अस्थिर मनाचा ठरत नाही, सक्षम न्यायालयाने तसं घोषित केल्याशिवाय नाही. दवाखान्याचं प्रमाणपत्र म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. नानाचं नाव उताऱ्यावर होतं तिथेच आहे. आणि हा कागद दाखवून कोणी त्याच्या वाट्यावर सही मागू लागला तर तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा, मनोरुग्णाला मोफत वकील मिळण्याचा हक्क त्याच कायद्याने दिला आहे.

रुग्णालाही हा शब्द टोचतो. नाना आठवडाभर बोलला नव्हता. त्याच्याशी भांडू नका. अनुदान त्याचं आहे, खातं त्याचं आहे, पहिले पैसे त्याच्या हातात द्या. नानाने त्यातून काय घेतलं असेल? मायसाठी चपला, आणि स्वतःला एक रेडिओ.

चालू ठेवण्यासाठी

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की अनुदान गुपचूप थांबतं, कोणी कळवायला येत नाही. प्रमाणपत्राची मुदत संपण्याच्या चार महिने आधी फेरतपासणीचा अर्ज करा, संपल्यावर केला तर मधले महिने कोरडे जातात. सगळ्या कागदांच्या तीन झेरॉक्स काढा: एक तहसीलला, एक प्रवासात, एक घरी. मूळ कागद कोणाच्याही हातात ठेवून येऊ नका, साहेब म्हणाले तरी. वहीही बंद करू नका. पुढच्या तपासणीला डॉक्टर पुन्हा तेच विचारणार आहेत, आणि नाना पुन्हा म्हणणारच आहे, मी समदं करस.